तीन अंश

दहा वाजून बारा मिनिटांनी उज्वला बोरस्तेचं दोन दिवसांचं काम संपलं, आणि त्यातलं काहीच तिनं केलेलं नव्हतं. ती नुसती खुर्ची ओढून सृष्टीच्या शेजारी बसली होती. पर्स अजून मांडीवरच होती, डब्याची पिशवी पायाशी टेकवलेली. सृष्टीनं एक बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी खालून वर सरकायला लागल्या. आधी सावकाश, मग डोळ्यांना धरता येईनात इतक्या भराभर. पिंपळगावची द्राक्षांची थंड खोली, दिंडोरीची दुसरी, पंचवटीतला मिठाईवाला, सिन्नरकडचा आइस्क्रीमचा कारखाना. एकेक नाव यायचं, त्याच्यापुढं 'झालं' असं उमटायचं आणि ते वर निघून जायचं. एकेचाळीस नावं. चार मिनिटं. शेवटी एक रिकामी ओळ आली आणि तिच्यावर पांढरा चौकोन लुकलुकत राहिला. "संपलं मॅडम," सृष्टी म्हणाली. तिच्या आवाजात फुशारकी नव्हती; उलट थोडा संकोचच होता, दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्याच स्वयंपाकघरात चहा केल्यासारखा. उज्वला "छान" म्हणाली. आपल्याला खरंच छान वाटलं की काय, हे तिला कळेना. एवढं मात्र कळलं होतं की सत्ताविसावं नाव हरसूलच्या दवाखान्याचं होतं, ते बाकीच्या नावांसारखंच आलं आणि गेलं, आणि ते जाताना तिनं तोंड उघडलं नाही.

कंपनी लहानशी होती. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, एका गिअरच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला दोन मजले. खाली पॅनल जुळवायचे, वर संगणक. थंड खोल्यांचं तापमान सांभाळणारे पॅनल: भिंतीवर बसवायचा, आत सेन्सर सोडायचा, सेन्सर तापमान सांगणार, पॅनल ते आकड्यात दाखवणार आणि त्या आकड्याप्रमाणे कॉम्प्रेसर चालू-बंद करणार. ह्या पॅनलांच्या पोटातला प्रोग्रॅम दर तीन महिन्यांनी सुधारून पाठवावा लागे, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची खोली वेगळी, तिचे आकडे वेगळे, म्हणून तो प्रत्येकासाठी वेगळा बांधून काढावा लागे. ह्या बांधून काढण्याला सगळे बिल्ड म्हणत. उज्वला चौदा वर्षं बिल्ड काढत होती. त्यासाठी एक स्क्रिप्ट होती, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची लांबलचक फाइल. केव्हातरी नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी एका गिऱ्हाइकासाठी पंचवीस ओळी लिहून ठेवल्या होत्या. पुढं गिऱ्हाइकं वाढली तसतशा उज्वलानं त्याच पंचवीस ओळी खाली पुन्हा चिकटवल्या आणि नाव नि आकडे तेवढे बदलले. हजारावर ओळी झाल्या. एक तुकडा चालवायचा, आकडे ताडून बघायचे, फाइलला नाव द्यायचं, मग पुढचा तुकडा. सृष्टी गांगुर्डे नोकरीला लागली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात तिनं ती फाइल उघडली, बराच वेळ खाली खाली जात राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हे सगळं एकच आहे." त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. खरंच होतं ते. मग सृष्टीनं नावं आणि आकडे एका यादीत काढले आणि खाली एक लूप लिहिलं: यादीतलं एक नाव घे, त्याचं एवढं एवढं कर, पुढचं नाव घे, यादी संपेपर्यंत. अकरा ओळी. वर एक टीपही टाकली होती तिनं, की मूळ काम उज्वला मॅडमचं. ती टीप वाचताना उज्वलाला आपलं नाव भिंतीवर लावलेल्या तसबिरीखाली लिहिल्यासारखं वाटलं.

ती आपल्या टेबलावर परत आली आणि काहीतरी उघडायचं म्हणून कालच्याच मेल उघडून बसली. खिडकीतून गिअरच्या कारखान्याचा पत्रा दिसायचा, त्यावर मार्चचं ऊन. एरवी ह्या वेळेला ती चौथ्या किंवा पाचव्या नावावर असायची. नावांची एक चाल होती. पहिल्या दहांत मन इकडंतिकडं असायचं, मग ते बसायचं, आणि विसाच्या पुढं गेलं की हात आपोआप चालायचे आणि डोक्यात भलतंच काही सुरू व्हायचं. ह्यातली एकही जागा तिनं पाहिलेली नव्हती. पण चौदा वर्षांत प्रत्येकीचं एक चित्र तयार झालं होतं. मिठाईवाल्याची खोली म्हणजे खव्याचा वास आणि निसरडी फरशी. एक शवागार होतं, त्याचं नाव आलं की तिचे खांदे नकळत आवळले जायचे. आणि हरसूलचा दवाखाना म्हणजे चढावरची एक बैठी कौलारू इमारत, बाहेर ओट्यावर पोरं घेऊन बसलेल्या बाया. कुण्या ट्रस्टचा दवाखाना होता तो, डोंगरातल्या पाड्यांसाठी. लसी ठेवायच्या खोलीला कंपनीचा पॅनल होता. सगळ्यात लहान गिऱ्हाईक. त्यांच्याकडून कधी तक्रारीचा फोनही आलेला नव्हता, आणि जो तक्रार करत नाही त्याची आठवण ऑफिसात कुणालाच नसते. उज्वलाला होती, कारण सत्ताविसाव्या नावाला तिचे हात थांबायचे.

सात वर्षांपूर्वी एका दुपारी यादवभाऊंचा तिथून फोन आला होता. यादव पगार म्हणजे तेव्हाचे फिरतीचे इंजिनीअर, मूळचे सटाण्याकडचे, आवाज मोठा, मोटरसायकलवर अवजारांची पिशवी बांधून जिल्हाभर हिंडायचे. "उज्वला," ते म्हणाले होते, "इथला सेन्सर तीन अंश कमी दाखवतोय. आत पाच आहेत आणि हा म्हणतो दोन. नवा यायला महिना लागेल. पॅनलवर मी तीनची भर घातलीय, पण नवी बिल्ड आली की ती पुसली जाते; तोवर तू तिकडूनच घाल." असं गिऱ्हाइकाप्रमाणे मधेच आकडा घालायला परवानगी नव्हती, तपासणीला माणसं यायची, सर्टिफिकेटचा प्रश्न असायचा. म्हणून तिनं हरसूलचा तुकडा चालवण्याआधी भरीच्या आकड्यात शून्याच्या जागी तीन केलं, बिल्ड काढली आणि पुन्हा शून्य करून ठेवलं. कुठंही खूण राहिली नाही. महिना गेला, वर्ष गेलं, सेन्सर आला नाही. दर तीन महिन्यांनी शून्याचे तीन, तिनाचे शून्य. पहिल्यांदा तिनं दोनदा मागं वळून बघितलं होतं. मग सवय झाली, आणि सवयीच्याही पुढं ती एक प्रकारची माया झाली. एवढ्या मोठ्या यादीत एक जागा अशी होती की जी आपण नसलो तर बिघडेल. घरी ती हे कधी बोलली नाही. काय सांगणार, की मी एका ठिकाणी शून्याचे तीन करते?

पंधरा दिवसांपूर्वी महेश सरांनी विचारलंही होतं. महेश तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण तिचा वरिष्ठ. बोलायला नीट, सतत झोप अपुरी असलेला. सृष्टीला शेजारी उभं करून तो म्हणाला होता, "उज्वला मॅडम, एखाद्या गिऱ्हाइकाचं काही वेगळं असेल, हातानं करावं लागत असेल, तर आत्ताच सांगून टाका. लूपला अपवाद कळत नाही." आणि उज्वला म्हणाली होती, "काही नाही. सगळं यादीत आहे." हे आपण का म्हणालो, ह्याचा विचार ती गेले पंधरा दिवस करत होती आणि दरवेळी निराळं उत्तर यायचं. नियम मोडला म्हणून बोलणी बसतील, हे एक होतं. सात वर्षं लपवलेलं दोन माणसांसमोर एका वाक्यात कसं काढायचं, हेही होतं. पण त्याच्याही खाली आणखी काही होतं, आणि आज सकाळी ते नाव पडद्यावरून सरकून गेलं तेव्हा ते तिला स्वच्छ दिसलं. तिला वाटत होतं, जाऊ दे. जाऊ दे तसंच. चार दिवसांनी हरसूलहून फोन येईल की पॅनल काहीतरी भलतंच दाखवतोय, सृष्टी यादी वरखाली करील, महेश सर कपाळ चोळतील, आणि मग कुणीतरी म्हणेल, उज्वला मॅडमना विचारा.

दुपारी डबा उघडला तेव्हा तिला ह्या विचाराची शिसारी आली. भाजी गवारीची होती, सकाळी सहाला उठून मोडलेली. तिनं दोन घास खाल्ले आणि झाकण लावलं. तिला थकवा आला होता. पण काम केल्याचा थकवा ओळखीचा असतो, त्याला मान-पाठ असते, हा कुठं धरावा तेच कळत नव्हतं. पन्नाशीला आलेल्या बाईनं असला डाव मांडावा. लसींवर. तिकडं थंडी कमी-जास्त झाली म्हणजे फोन येईलच असं कुणी सांगितलं? लस बिघडली तर तिचा रंग बदलत नाही, वास येत नाही. पोराला टोचली की पोर तितकंच रडतं. कुणाला कधी कळणारच नाही. हे तिला सात वर्षं ठाऊक होतं. म्हणून तर ती दर तीन महिन्यांनी न चुकता थांबत होती. समोर सृष्टी एका हातानं पोळीचा रोल खात दुसऱ्या हातानं मोबाइल बघत होती. "मॅडम, तुम्ही जेवत नाही?" तिनं विचारलं. मग जरा थांबून म्हणाली, "तुम्हाला राग नाही ना आला? मला सर म्हणाले करून टाक, म्हणून केलं. माझी आई अंगणवाडीत आहे, तिचं पण आता सगळं मोबाइलवर भरायचं आलंय. ती रोज मला म्हणते, तुम्ही पोरी आमचं काम खाता." ती हसली. उज्वलाही हसली. "राग नाही गं," ती म्हणाली. "पाठ मोडायची त्या कामानं. बरंच झालं." आणि ते बोलताना तिला वाटलं की हेही खोटं नाही.

पाच वाजता सगळ्या फाइली इंटरनेटवरून त्या त्या पॅनलांना जाणार होत्या. तीनला दहा मिनिटं असताना ती उठून जिन्यात गेली. सांगून टाकायचं हे तिनं ठरवलं होतं. पण सांगायला जाण्याआधी आकडा पक्का करावा, तीनच ना, साडेतीन तर नव्हता, असं तिनं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे ह्या गोष्टीत तिच्याबरोबरचं एकच माणूस होतं, आणि आत जाण्याआधी तिला त्याचा आवाज ऐकायचा होता. यादवभाऊ निवृत्त होऊन देवळाली कॅम्पला मुलीकडं राहत होते. फोन बराच वेळ वाजला. मग त्यांचा तोच मोठा आवाज आला आणि त्याच्यामागं लांबवर तोफांच्या सरावाचे दणके, दाराच्या पाठीमागं कुणीतरी गादी झोडपावी तसे.

"बोल उज्वला. आहेस ना तिथंच अजून?"

"आहे भाऊ. एक विचारायचं होतं. हरसूलच्या दवाखान्याला आपण भर घालतो ती तीनचीच ना?"

"घालतो?" यादवभाऊ म्हणाले. "अगं, तो सेन्सर तर मी केव्हाच बदलला. दोन वर्षं होऊन गेली. निवृत्त व्हायच्या आधी शेवटची जी फेरी केली ना, त्यात. नवा बसवला, पॅनलवर भर शून्य केली, काचेच्या थर्मामीटरशी ताडून बघितलं, एकदम बरोबर."

उज्वलानं कठडा धरला. तो उन्हानं तापलेला होता.

"मला सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"सांगितलं तर. तिथूनच फोन केला होता तुला. म्हटलं, आता तीन काढून टाक, पुढच्या वेळी घालू नकोस. तू हो म्हणालीस." पलीकडं दणका झाला, ते थांबले. "का गं? काढलं नव्हतंस का?"

ती "बघते" म्हणाली आणि फोन ठेवला. जिन्यात बसली. दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. आईला मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं, ती सात दिवस रजेवर होती. तो कॉरिडॉर तिला आठवत होता; हिरवी फरशी, पाण्याचं यंत्र, त्यावर साखळीनं बांधलेला पेला. फोन येत होते, सगळ्यांचे. मामाचा, नवऱ्याचा, ऑफिसातून कुणाकुणाचे. ती प्रत्येकाला हो म्हणत होती. हो, शुद्धीवर आहे. हो, डॉक्टर येऊन गेले. हो, हो. त्यात यादवभाऊंचा फोन होता का? ती डोळे मिटून त्या कॉरिडॉरमध्ये पुन्हा पुन्हा गेली. पेला दिसायचा, साखळी दिसायची, कानाशी धरलेला फोन गरम झालेला जाणवायचा, पण फोनमधला आवाज येत नव्हता. चौथ्या दिवशी आई गेली. मार्चमध्ये ती कामावर आली तेव्हा बिल्डचे दिवस होते, आणि सत्ताविसाव्या नावाला तिचे हात थांबले, त्यांनी शून्याचे तीन केले. तिला आठवतं, त्या दिवशी तिला त्या तीनचं बरं वाटलं होतं. एवढी एक गोष्ट तरी आपल्याच्यानं नीट होते आहे, असं.

तेव्हापासून आठ वेळा. यादवभाऊंनी जे सरळ करून ठेवलं होतं ते तिनं आठ वेळा हातानं वाकडं केलं होतं. पॅनल पाच दाखवत होता तेव्हा आत दोन होते. कॉम्प्रेसर थोडा जास्त चालला की शून्य, कोपऱ्यांत त्याहूनही कमी. गोठली की बऱ्याच लसी वाया जातात, हे तिला यादवभाऊंनीच सांगितलं होतं. आणि आज सकाळी, काही ठाऊक नसताना, कुणाची माया न करता, त्या अकरा ओळींनी हरसूलला शून्य दिलं होतं. जे बरोबर होतं.

तिनं यादीतून दवाखान्याचा नंबर काढला. अजूनही तिच्या मनात एक पळवाट होती. कदाचित नवा सेन्सरही बिघडला असेल, कदाचित त्यालाही तीन लागत असतील. फोन एका बाईनं उचलला, मागं पोरांचा कालवा. सावित्रीबाई, तिथल्या सिस्टर, वीस वर्षांच्या जुन्या. पॅनलच्या कंपनीतून बोलतेय म्हटल्यावर त्यांना आनंदच झाला.

"तुमचा डबा झ्याक चालतोय बघा," त्या म्हणाल्या. "कवाबी बघा, पाच. लय झालं तर सहा. जरा मोठ्यांदी बोला हां, आज बाजार हाय, गर्दी हाय."

"आत काचेचा थर्मामीटर आहे ना तुमच्याकडे?" उज्वलानं विचारलं. "तो किती दाखवतो?"

"त्यो व्हय? त्यो खोटा झाला बाई. यादवभाऊ येऊन गेले तवा त्यो न तुमचा डबा एकच दावत व्हते. मंग म्हयन्याभरानं त्यो खाली जाया लागला. कवा दोन, कवा एक. एकदा तर शून्याच्याबी खाली. डॉक्टर म्हणले, सावित्रीबाई, जुना झाला, मशीन खोटं बोलंल का. मंग दिला ठेवून कपाटात. आता नवा मागिवलाय, पर येतोय कधी." त्या मध्येच कुणावर तरी ओरडल्या, मग पुन्हा फोनवर आल्या. "का वो? तपासाया येताय का?"

"कळवते," उज्वला म्हणाली.

साडेतीन वाजले होते. जिन्याच्या खिडकीतून खाली टेम्पोत पॅनलची खोकी चढवताना दिसत होती. तिला एकदम जाणवलं की आता काहीही केलं नाही तरी चालेल. पाच वाजता फाइल जाईल, पॅनल खरं बोलायला लागेल. दोन दाखवील, कॉम्प्रेसर स्वतःहून थांबेल, आणि तासाभरात आत खरे पाच होतील. सावित्रीबाईंच्या लक्षातही येणार नाही. यादवभाऊ उद्या विसरतील. ती शून्याचे तीन करून पुन्हा शून्य करत होती, त्यामुळं फाइलीत कुठंही काही नव्हतं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच तिला असं कुणीतरी आयतं सोडवत होतं, आणि ती इतकी दमली होती की त्या सुटकेकडं तिनं नुसतं बघितलं तरी डोळे भरून आले. आईच्या हॉस्पिटलातल्या नर्सनं दर सहा तासांनी एक सुई दिली होती आणि प्रत्येक सुईनंतर उज्वलाला वाटलं होतं, आता उतार पडेल. सुईत काय आहे हे तिनं कधी विचारलं नव्हतं. कोण विचारतं? दंड पुढं करायचा असतो. हरसूलच्या ओट्यावरच्या बाया दोन वर्षं तेच करत होत्या, पोराचा दंड धरून, तोंड फिरवून.

महेशच्या केबिनमध्ये सृष्टी आधीच होती, लॅपटॉप घेऊन. उज्वलानं दार लावलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. सात वर्षांपूर्वीचा फोन, तीन, दोन वर्षांपूर्वीचा फोन, थर्मामीटर. सांगताना तिला वाटलं होतं आवाज फाटेल, पण तो सपाट आला, मेल वाचून दाखवल्यासारखा. महेशनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे आज सृष्टीनं काढलेली बिल्ड बरोबर आहे," तो म्हणाला.

"हो."

"मग पाचला ती गेली की दुरुस्त झालं."

"पुढचं झालं सर. मागचं नाही."

महेश हळू आवाजात, समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, तुम्ही मुद्दाम केलं नाही. मला माहितेय. पण लेखी काही नाही, कुठं नोंद नाही. तुमच्या आठवणीवर आपण एका दवाखान्याला असं कळवायचं? पेपरात जाईल. ही खालची तीस माणसं आहेत ना, त्यांच्या पोटावर येईल. जरा थांबू. मी उद्या मालकांशी बोलतो."

"जुन्या बिल्ड आपण ठेवतो सर," सृष्टी म्हणाली. ती कुणाकडंच बघत नव्हती. "प्रत्येक फाइलच्या आत भरीचा आकडा असतो. वाचता येतो." आणि कुणी कर म्हणायच्या आत तिची बोटं चालली. तीन ओळी लिहिल्या तिनं. हरसूलची प्रत्येक जुनी फाइल घे, उघड, आकडा दाखव, पुढची घे. पडद्यावर तारखा उतरत गेल्या आणि प्रत्येक तारखेपुढं तीन. सात वर्षांचे अठ्ठावीस तीन. एकही चुकलेला नव्हता. उज्वला त्या रांगेकडं बघत राहिली. इतकं न चुकता केलेलं तिचं आयुष्यात दुसरं काही नव्हतं. शेवटच्या आठ ओळी सृष्टीनं माउसनं निळ्या केल्या आणि हात मांडीवर घेतले. तिचा चेहरा उतरला होता.

"मी सांगतेय त्यांना," उज्वला म्हणाली. "कंपनीचं काय ते तुम्ही बघा. माझं नाव टाका पत्रात, सगळं टाका."

महेश चष्मा पुसायला लागला, आणि बराच वेळ पुसत राहिला. ती दार उघडून बाहेर आली.

जिन्यात ऊन सरकलं होतं. सावित्रीबाईंनी दुसऱ्या घंटीलाच फोन घेतला. मागचा कालवा आता कमी झाला होता, एकच पोर कुठंतरी रडत होतं.

"सावित्रीबाई, मघाशी मी फोन केला होता. तुमचा थर्मामीटर खोटा नव्हता," उज्वला म्हणाली. "आमचा पॅनल खोटं दाखवत होता. माझ्या चुकीमुळं. आत खरंच दोन आणि एक होते. लसी गोठल्या असतील."

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज.

"कवापास्नं?"

"दोन वर्षं. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चपासून."

"दोन वरीस." सावित्रीबाई एवढंच म्हणाल्या, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारख्या, "म्या बघितला व्हता आकडा. रोज बघत व्हते. म्याच त्याला खोटा ठरिवला."

"तुम्ही बरोबर बघितलं होतं," उज्वला म्हणाली. माफ करा हा शब्द तोंडात आला होता, पण तो त्या बाईच्या हातात देऊन आपण मोकळं व्हायचं, हे तिला बरं वाटलं नाही.

"पाड्यांवर हिंडून म्या गोळा केल्यात पोरं," सावित्रीबाई म्हणाल्या. "येत नव्हत्या बाया. भ्यायच्या. म्या म्हणलं, माझ्यावर इस्वास ठेवा." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "पुन्यांदा बलवायचं म्हणता सगळ्यास्नी?"

"ते डॉक्टर ठरवतील. मी येते तिकडं. उद्या सकाळच्या गाडीनं येते."

"उद्याचं उद्या. फोन ठिवू नका बाई." खुर्ची पुन्हा सरकली. "डॉक्टर आतमंदी हायेत, बलवून आणते. त्यास्नी तुमीच सांगा. माझ्या तोंडातनं नाय निघायचं."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. उज्वला तो कानाशी धरून उभी राहिली. तिकडं ते पोर रडायचं थांबलं होतं. कुणीतरी त्याला काहीतरी गुणगुणून सांगत होतं, शब्द कळत नव्हते. खाली पाळी सुटायची वेळ झाली, गेटपाशी सायकली आणि स्कूटर निघायला लागल्या, कुणीतरी तिला हात केला, तिनंही केला. पाय दुखत होते, पण ती बसली नाही. मग फोनमध्ये चपलांचा आवाज जवळ आला, फोन उचलला गेला, आणि एका पुरुषाचा दमलेला आवाज म्हणाला, "हॅलो, कोण बोलतंय?"

तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.